निरामिष आमिष

कुठल्याही मराठी दैनिकाचं जिल्ह्याचं पान उघडा. 'जादा परताव्याचे आमिष दाखवून फसवणूक', 'नोकरीचे आमिष', 'लग्नाचे आमिष', आणि खाली चौकटीत आवाहन: 'नागरिकांनी आमिषाला बळी पडू नये'. बातम्यांमध्ये हा शब्द इतका घासला गेलाय की त्याचा मूळ अर्थ आता कुणी विचारत नाही. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. म्हणूनच जेवण सामिष असतं किंवा निरामिष असतं. गळाला मांसाचा तुकडा लावतात, म्हणून गळाला लावायची वस्तू म्हणजे आमिष. तिथून पुढं कुठल्याही प्रलोभनाला तेच नाव पडलं.

मी गेली काही वर्षं सुट्टीत जतला घरी आलो की जे बनवतो, त्याला या हिशोबानं आमिष म्हणता येणार नाही. त्यात मांस नसतं. जुन्या स्लिपरचा तुकडा असतो, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या असतात, नेलपॉलिश असतं आणि एक गळ असतो. गांडूळ लावलेल्या गळात निदान गांडूळ तरी खरं असतं. इथं माशाला खायला काहीच नाही. गळ टाकणारे हौशी लोक याला इंग्रजीतल्यासारखंच 'लूर' म्हणतात. माझ्यापुरतं मी त्याचं नाव 'निरामिष आमिष' ठेवलंय.

ते कसं बनवायचं हे या लेखात थोडं येईलच. पण लिहायला बसलोय ते बनवताना डोक्यात घुसलेल्या एका प्रश्नामुळं. फसवणुकीत फसणाऱ्याचा दोष किती आणि आमिष बनवणाऱ्याचा किती? आपल्या भाषेनं उत्तर आधीच देऊन टाकलेलं आहे. 'तो आमिषाला बळी पडला' या वाक्यात आमिष आहे, बळी आहे, पण ते बनवणारा माणूस कुठंच नाही.

स्लिपरचा बेडूक

जत म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो, मासे आठवत नाहीत. त्यात चूक काही नाही. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा, कर्नाटकाला लागलेला हा तालुका. गावात निम्मं बोलणं मराठीत, निम्मं कन्नडात. कृष्णा वाहते ती जिल्ह्याच्या पश्चिमेला. आमच्या वाट्याला बिरनाळसारखे तलाव, संख आणि दोड्डनाल्याचे प्रकल्प, वर्षातला बराच काळ कोरडं राहणारं बोर नदीचं पात्र आणि अलीकडची शेततळी.

तरीही जिथं पाणी टिकतं तिथं मासा असतो. आणि पाणी टिकण्याची खात्री नसते तिथंही एक मासा तग धरतो, तो म्हणजे मरळ. मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवेतला श्वास घेते. पाणी आटत आलं तर ओल्या चिखलात शिरून दिवस काढते. दुष्काळी भागाला शोभेल असाच हा मासा आहे.

मरळ शिकारी आहे. पाण्यावरून उड्या मारत जाणारा बेडूक तिला दिसला की ती सोडत नाही. म्हणून जिवंत बेडूक गळाला टोचून मरळ धरायची पद्धत जुनी आहे. आता बाजारात रबरी बेडूक मिळतात. बरे म्हणावेत असे दोन-तीनशे रुपयांपासून सुरू होतात, परदेशी कंपन्यांचे त्याहून बरेच महाग. आणि तलावाच्या काठच्या गवतात पहिल्याच फेकीला तंगूस तुटून एखादा गेला की ते पैसे पाण्यात, तेही शब्दशः. इंजिनिअरिंगला असताना हे परवडायचं नाही. आता परवडतं, पण हाताला लागलेली सवय सुटत नाही.

बनवायची रीत सोपी आहे. स्लिपरच्या तळव्यातून अंगठ्याएवढा तुकडा ब्लेडनं कापायचा. पोट सपाट ठेवायचं, तोंडाकडं निमुळतं करायचं. तापवलेल्या तारेनं मधून आरपार भोक पाडायचं आणि दुहेरी गळ असा बसवायचा की दोन्ही टोकं वर, पाठीला चिकटून राहतील. मग तो गवतावरून ओढला तरी अडकत नाही. मरळीनं तोंडात धरलं की फोम दबतो आणि टोकं उघडी पडतात. मागच्या बाजूला एक छोटा स्क्रू पिळायचा, म्हणजे बूड पाण्यात आणि तोंड वर राहतं. पाय ट्यूबच्या पट्ट्यांचे. रंग नेलपॉलिशचा, त्यावर फेविक्विकचा एक पातळ हात. गळ विकत आणावा लागतो, बाकी सगळं घरात पडलेलं असतं. वीस-तीस रुपयांत बेडूक तयार.

दुसरा प्रकार चमच्याचा. स्टीलच्या जुन्या चमच्याचा दांडा कापून टाकायचा, उरलेल्या वाटीला दोन टोकांना भोकं पाडायची. एका भोकात तंगूस, दुसऱ्यात छोटी कडी आणि तिहेरी गळ. पाण्यातून ओढला की चमचा लटपटतो आणि उन्हात चमकतो. ही युक्ती अमेरिकेतली. ज्युलिओ ब्युएल नावाच्या माणसाचा चमचा तळ्यात पडला आणि बुडता बुडता त्यावर मासा झेपावला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, ब्युएलनं १८५२ मध्ये असल्या लूरचं पेटंट घेतलं हे खरं आहे.

तिसरा प्रकार आमच्या बांधावरचा. घायपाताला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो आणि मग झाड मरतं. तो उंच दांडा वाळला की आतून बुचासारखा हलका असतो. चाकूनं हवा तसा कापता येतो, पाण्यावर तरंगतो. लहानपणी ज्वारीच्या ताटाच्या भेंडापासून बैलगाडी केलेल्या कुणालाही हे काम शिकवावं लागत नाही.

घरगुती लूरची गोष्ट निघाली की लाउरी रापालाचं नाव निघतंच. हा फिनलंडमधला गरीब मच्छीमार. १९३६ मध्ये त्यानं बुचाचा तुकडा मोच्याकडं असते तसल्या सुरीनं कोरून एक मासा बनवला. त्याला चॉकलेटवरची चांदी गुंडाळली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून केलेला लेप दिला. घरात जे होतं त्यातून केलेलं हे काम. आज त्याच्या नावाची कंपनी जगभर लूर विकते.

पण खरी गोष्ट सामानाची नाही. रापाला होडीत बसून पाण्यात बघत राहायचा. त्याला दिसलं की मोठा शिकारी मासा लहान माशांच्या झुंडीवर उगाच झेप घेत नाही. त्या झुंडीत एखादा जखमी, तोल जाऊन वेडावाकडा पोहणारा मासा असला की तो नेमका त्यालाच उचलतो. रापालानं ते लटपटणं बुचात उतरवलं. नक्कल त्यानं माशाची केली असं म्हणण्यापेक्षा जखमेची केली असं म्हणायला हवं.

लूर बनवायला लागल्यावर हे हळूहळू कळत जातं. घरी हौदात बेडूक ओढून बघायचा, स्क्रू थोडा मागं घ्यायचा, पुन्हा ओढायचा, पाय थोडे आखूड करायचे. कोड लिहून चालवून बघावं तसंच हे काम आहे. फरक एवढाच की इथं वापरणारा मासा आहे, आणि त्याला काय दिसतं, पाण्यातली कुठली थरथर अंगाला कळते, कशानं तो चवताळतो, हे समजून घेतल्याशिवाय काहीच जमत नाही. ज्याला फसवायचं त्याला आधी फार नीट ओळखावं लागतं.

माशाचा लोभ

आपल्या परंपरेत गळाला लागलेला मासा खूप जुना आहे. महाभारतात उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला समजावतो तेव्हा उत्तम खाद्याआड लपलेला लोखंडी गळ गिळणाऱ्या माशाचा दाखला देतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यातही मासा आहे. एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीत ती पूर्ण केली. सांगली जिल्ह्यातच कृष्णाकाठी औदुंबर आहे, त्यामुळं दत्त आणि चोवीस गुरू आमच्याकडं घराघरांत माहीत असतात.

तिथं पाच जीवांची एक ओळच आहे. पतंग रूपानं मरतो, हत्ती स्पर्शानं, हरिण आवाजानं, भुंगा वासानं आणि मासा जिभेच्या चवीनं. शिकवण स्पष्ट आहे: इंद्रियं आवर. त्याच यादीत चोचीत मांस धरलेला कुरर पक्षीही आहे. मांस नसलेले बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडतात आणि तो मांस टाकून देतो तेव्हाच त्याला सुख लागतं. तिथं मांसाला शब्द वापरलाय तो आमिष हाच.

या यादीत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो बाण करणारा कारागीर. तो बाण सरळ करण्यात इतका गढलाय की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. एकाग्रता कशी असावी हे त्याच्याकडून शिकायचं. हौदाच्या काठावर बेडकाचा स्क्रू पाव इंच मागं-पुढं करणाऱ्याला हा माणूस लगेच ओळखीचा वाटतो. पण मग एक गोष्ट खटकते. त्या कारागिराकडून एकाग्रता शिकायची, तो बाण कुणाच्या छातीत जाणार हे विचारायचं नाही. माशाकडून संयम शिकायचा, गळ कुणी टाकला हे विचारायचं नाही.

हा परंपरेचा दोष आहे असं मला म्हणायचं नाही. अवधूत हे सगळं स्वतःसाठी शिकत होता. मी माझ्या जिभेला आवर घालावा म्हणून माशाकडं बघणं ही साधना झाली. गडबड तेव्हा होते, जेव्हा तोच दाखला मी दुसऱ्याला लावतो. स्वतःला लावला की तो उपदेश असतो, फसलेल्या माणसाला लावला की दोषारोप होतो. 'आमिषाला बळी पडला' या वाक्यात अवधूताचा उपदेश आहे, फक्त तोंड दुसऱ्याकडं केलेलं आहे.

पिलांचा गोळा

मासा लोभानं मरतो ही समजूत तपासायची असेल तर पावसाळ्यात तलावावर जावं.

पावसाच्या सुरुवातीला मरळ अंडी घालते. पिलं बाहेर आली की शेकड्यांनी एकत्र राहतात, लालसर-नारिंगी रंगाचा एक गोळाच पाण्यात फिरत असतो. त्यांनाही हवेसाठी वर यावं लागतं, त्यामुळं ती वर आली की एकाच जागी रिमझिम पाऊस पडावा तसं पाणी थरथरतं. त्या गोळ्याच्या खाली मोठी मरळ असते. आई-बाप पिलांची राखण करत असतात, आणि ही राखण बरेच दिवस चालते.

गळवाल्यांना हे पक्कं माहीत आहे. बेडूक थेट त्या गोळ्यात टाकला की खालची मरळ त्यावर तुटून पडते. एरवी दिवसभर टाकून न लागणारी मरळ इथं दोन-तीन फेकींत लागते. याचे व्हिडिओही भरपूर आहेत.

एकदा एका तलावाच्या काठावर जाळी सुकवत बसलेल्या एका मामांच्या शेजारी मी उभा होतो. त्यांची हयात मासेमारीत गेलेली. पाण्यावर तशी थरथर दिसली. मी विचारलं, "मामा, खाली मोठी असंल न्हवं? टाकू का?"

त्यांनी वर बघितलंही नाही. "टाक की. लागंलच. तिला भूक न्हाई लागल्याली, वर पोरं हाईत तिची. पोरासाठी धावून आल्यालीला मारायला तुझा बेडूक कशाला पायजे, धोंडा टाकलास तरी येतीया."

मी रॉड खाली ठेवला. त्यांनी त्यावर आणखी काही बोलावं असं मला वाटत होतं, पण ते जाळं सोडवत राहिले.

नंतर विचार करताना लक्षात आलं की माझा तोच बेडूक, तोच स्क्रू, तेच ट्यूबचे पाय, पण इथं तो खाद्य म्हणून काम करत नव्हता. तो घुसखोर म्हणून काम करत होता. मरळीनं तो खायला तोंड उघडलं नसतं, हाकलायला उघडलं असतं. तिला लोभ म्हणायचाच असेल तर मराठीतला दुसरा लोभ म्हणावा लागेल. आपण पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' लिहितो तो. एकाच शब्दात हाव आणि माया दोन्ही ठेवणारी आपली भाषा इथं नकळत खरं बोलून जाते. गळाला या दोहोंतला फरक कळत नाही. तो जिवाला ओढणारी कुठलीही गोष्ट वापरतो: भूक, राग, भीती, पिलांची काळजी.

म्हणजे आमिष दोष शोधत नाही. ते गरज शोधतं. ज्याला काहीच हवं नाही, कुणाची काळजी नाही, कशाची भीती नाही, असा जीव गळाला लागत नाही हे खरं. पण तसा जीव शहाणा असतोच असं नाही. बहुधा तो मेलेला असतो.

दात बघू देता का?

आता पुन्हा त्या बातम्या वाचून बघा.

लग्नाचं आमिष. लग्न व्हावं, कुणी आपल्याला कायमचं आपलं म्हणावं, ही इच्छा म्हणजे लोभ? नोकरीचं आमिष. डिग्री घेऊन चार वर्षं घरी बसलेल्या पोराला नोकरी हवी असणं हा लोभ? 'डिजिटल अरेस्ट'च्या फोनमध्ये तर काही मिळण्याची लालूचही नसते. तुमच्या नावानं गुन्हा नोंद झालाय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, एवढंच असतं. मुलाला पोलिसांनी पकडलंय म्हणून पैसे मागणारा फोन हा तर सरळ पिलांच्या गोळ्यात टाकलेला बेडूक आहे.

आमच्या तालुक्यात याहून मोठा दाखला आहे. जतच्या पूर्व भागातली गावं वर्षानुवर्षं म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी येण्याची वाट बघत आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधल्या गावांवर हक्क सांगणारं वक्तव्य केलं आणि काही दिवस तालुका देशभरच्या बातम्यांत होता. त्या सगळ्याच्या मुळाशी पाणी होतं. पाण्याच्या आश्वासनावर मत देणाऱ्याला किंवा पाण्यासाठी पलीकडं जाऊ म्हणणाऱ्याला आमिषाला भुललेला म्हणणं सोपं आहे. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या बाईला मात्र ते ऐकवून बघावं.

गळवाला आणि माणसांना भुलवणारा यांची तुलना नवी नाही. प्लेटोच्या 'सोफिस्ट' या संवादात सोफिस्ट म्हणजे कोण हे ठरवण्याआधी सरावासाठी गळानं मासे धरणाऱ्याची व्याख्या केली जाते. मग तीच चौकट सोफिस्टाला लावतात: तोही शिकारीच, फक्त त्याची शिकार श्रीमंत घरातली तरुण मुलं. आज फसव्या ईमेलला आपण 'फिशिंग'च म्हणतो. स्पेलिंग वेगळं असलं तरी मासा तोच.

माझ्या पेशात ही गोष्ट नेहमी डोळ्यांसमोर असते. बटणाचा रंग बदलून कुठल्या रंगावर जास्त लोक दाबतात ते मोजता येतं. नोटिफिकेशन सकाळी पाठवावं की रात्री, हे मोजता येतं. रापाला जसा होडीतून पाण्यात बघत होता, तसंच हेही बघणं आहे. बघण्यात वाईट काही नाही, उलट वापरणाऱ्याकडं न बघता बनवलेलं सॉफ्टवेअर भयानक असतं. प्रश्न असा की बघून जे कळलं त्याचं आपण काय करतो? त्याची अडचण सोडवतो की तिच्यात गळ बसवतो?

आणि इथं खर्चाचा मुद्दा येतो. माझ्या एका बेडकाला एक संध्याकाळ लागते. तो एका वेळी एकाच माशासमोर पडतो, गवतात अडकला तर कंबरभर पाण्यात उतरून सोडवावा लागतो. म्हणजे माझ्या फसवण्याला माझ्या वेळेचा आणि अंगमेहनतीचा लगाम आहे. फोनवरच्या गळाला तो नाही. एक मेसेज लिहायला जेवढा खर्च, तेवढ्यातच तो लाखभर लोकांना जातो. त्यातल्या नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवांनी ओळखला तरी टाकणाऱ्याचं काही जात नाही. स्वस्तात बनवणं ही माझ्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे, पण आमिष फुकट झालं की सावध राहण्याचा सगळा खर्च माशावर पडतो. दिवसातून दहा वेळा सावध राहायचं त्यानं, आणि अकराव्या वेळी चुकला तर लोभीही तोच.

मग कुणाला काही आकर्षक दाखवायचंच नाही का? तसं कसं चालेल? जतला यल्लम्मा देवीची यात्रा भरते, तिथं जनावरांचा मोठा बाजार असतो. खिलार खोंड विकायला आणणारा त्याला धुतो, शिंगं रंगवतो, गोंडे बांधतो, झूल घालतो. गिऱ्हाईक भुलावं म्हणूनच हे सगळं असतं. पण घेणारा येतो, खोंडाचं तोंड उघडून दात बघतो, त्यावरून वय ताडतो. चालवून बघतो, खुरं बघतो, अंगावरून हात फिरवतो. विकणारा त्याला अडवत नाही. अडवलं तर सगळ्या बाजाराला कळतं की यात काहीतरी गडबड आहे.

मला यात एक चांगली कसोटी दिसते. सजावट कितीही करा, पण समोरच्याला दात बघू देता का? बघू देत असाल तर तो व्यापार आहे. दात बघायची सोय मुद्दाम काढून टाकली असेल तर तो गळ आहे, मग त्यावर झूल कितीही देखणी असो. सबस्क्रिप्शन घेणं एका बोटावर आणि बंद करण्याचं बटण सात पडद्यांआड, हे दात लपवणं. 'फक्त दोनच शिल्लक' असं खोटंच लिहिणं, हेही दात लपवणंच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'विरोधात मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात असे तेरा प्रकार सांगितलेत आणि त्यातल्या एकाचं नावच 'बेट अँड स्विच' आहे, म्हणजे आमिष एक दाखवायचं आणि हातात दुसरंच ठेवायचं. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की इथं ग्राहकाला 'बळी पडू नका' सांगून काम भागवलेलं नाही. बोट बनवणाऱ्याकडं वळवलंय.

मग बेडूक बनवायचा की नाही?

एवढं सगळं म्हणून झाल्यावर कुणीही विचारेल, मग तू अजून स्लिपरी का कापतोस? माशाला तर दात बघण्याची मुभा कधीच नसते.

हे मान्यच करायला हवं. एक पळवाट अशी की मासा म्हणजे माणूस नव्हे. खोटं बोलायला भाषा लागते, समोरच्याचा विश्वास लागतो. मासा माझ्यावर विश्वास ठेवत नाही, त्यामुळं माझा बेडूक हे खोटं नाही, सापळा आहे. हे मला पटतं. दुसरी पळवाट निसर्गाची. खोल समुद्रातला अँगलर मासा स्वतःच्या कपाळावर दिवा लटकवून भक्ष्य बोलावतो. पाण्यात किडा टाकून मासा जवळ येण्याची वाट बघणारे बगळेही अभ्यासकांनी नोंदवलेत. पण इथं माझं पाऊल अडतं. बगळ्याला दुसरा धंदा नाही, आणि खालची मरळ कुणाची तरी आई आहे हे त्याला ठाऊक नाही. मला दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत.

वेदनेचा प्रश्नही झटकून टाकण्यासारखा राहिलेला नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असल्याचं दाखवलं. माशाला आपल्यासारखं दुखतं का यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून आहे, पण 'माशाला काय कळतंय' हे आता सहज म्हणता येत नाही. स्वित्झर्लंडनं २००८ च्या प्राणी संरक्षण नियमांत सोडून देण्याच्याच हेतूनं मासा धरायला मनाई केली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे उलटं वाटलं होतं, सोडणारा तर दयाळू ना! पण त्यामागचा विचार सरळ आहे. खायचा असेल तर धरा. फक्त मजा म्हणून कुणाच्या तोंडात गळ अडकवू नका.

या सगळ्यातून माझ्यापुरत्या काही रेघा मी आखून घेतल्यात. जिवंत बेडूक टोचायचा नाही. स्लिपरच्या बेडकाचा निदान एवढा फायदा आहे की एका जिवाला फसवण्यासाठी दुसऱ्या जिवाचे हाल होत नाहीत. तलावाच्या मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय टाकायचा नाही, कारण आपली हौस म्हणजे त्यांचं पोट. गळाचा काटा पक्कडीनं दाबून सपाट करायचा, म्हणजे मासा सुटायचा तर कमी फाटून सुटतो. घरात खाल्ला जाईल तेवढाच धरायचा. आणि पावसाळ्यात पाण्यावर ती थरथर दिसली तर रॉड गुंडाळून ठेवायचा.

शेवटची रेघ सोडली तर बाकीच्या तडजोडी आहेत, हे मला कळतं. भुकेल्या माशाला फसवून खाणं आणि जाळ्यानं धरून खाणं यात माशाच्या दृष्टीनं काय फरक, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडं चोख उत्तर नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासा शिजला नाही अशी माणसं माझ्या अवतीभवती खूप आहेत, आणि त्यांच्यासमोर मी माझ्या रेघांचा फार डौल मिरवत नाही. पण शेवटची रेघ मला तडजोडीची वाटत नाही. खाण्यासाठी आलेल्याला धरणं आणि वाचवण्यासाठी आलेल्याला धरणं, यांत फरक आहे. एकात मी त्याची भूक वापरतो. दुसऱ्यात त्याच्यातलं जे सगळ्यात चांगलं आहे ते वापरतो. भुकेचा फायदा घेतला गेला तर जग थोडं क्रूर होतं. मायेचा फायदा घेतला जायला लागला तर मायाच धोक्याची ठरते. फोनवरचा मुलाचा रडवेला आवाज ऐकून आईनं आधी 'हा खरंच माझा मुलगा आहे का' असं विचारायचं, ही वेळ तिथूनच आली.

म्हणून फसलेल्या माणसाची गोष्ट ऐकली की मी आता एक प्रश्न आधी विचारतो: त्याच्यातलं काय वापरलं गेलं? बहुतेक वेळा उत्तर लोभ नसतं. कर्ज फेडायची घाई असते, पोराच्या शिक्षणाची काळजी असते, एकटेपण असतं, सरकारी कागदाची भीती असते. हे कळलं की 'तू फसलासच कसा' हे वाक्य तोंडातून निघत नाही. आणि मी स्वतः काही बनवायला बसलो, बेडूक असो वा बटण, की तोच प्रश्न उलटा करून स्वतःला विचारतो: यानं समोरच्यातलं काय वापरलं जाणार आहे? उत्तर नीट देता येत नसेल तर ते पाण्यात टाकायचं नाही, मग ते कितीही स्वस्तात आणि कितीही सुरेख बनलेलं असो.